कान्तेले : फिनलंडच्या राष्ट्रीय वाद्याचं नाव मूळचं कुणाचं?

बर्फातला_वडा
मंडळी, 'कान्तेले' या फिनिश शब्दाची व्युत्पत्ती कुणी नीट उलगडून सांगेल का?

ज्यांनी हे वाद्य पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मांडीवर किंवा टेबलावर आडवं ठेवून बोटांनी छेडायचं तंतुवाद्य. जुनं रूप पाच तारांचं, एकाच लाकडातून कोरून काढलेलं. स्वरमंडलासारखंच याला दांडी नाही, पडदे नाहीत, प्रत्येक तारेचा सूर ठरलेला. इथे फिनलंडमधल्या एस्पो शहरात मुलीच्या शाळेत पाच तारांचं कान्तेले शिकवतात, त्यामुळे सध्या आमच्या घरात तेच वाजत असतं.

ऑफिसात विचारलं तर तिघांनी तीन उत्तरं दिली. एकीच्या मते 'कान्ता' म्हणजे वाहून नेणं, तेव्हा सूर वाहून नेतं ते कान्तेले. दुसरा म्हणाला, 'कान्सि' म्हणजे झाकण, विभक्ती लागताना त्याचं अंग होतं 'कान्ते-', आणि पोकळ लाकडावर झाकण बसवलेलं वाद्य म्हणून कान्तेले. तिसऱ्याचं म्हणणं, लॅटिन 'कान्तुस' म्हणजे गाणं, तो शब्द चर्चबरोबर उत्तरेला आला.

मला झाकणाची गोष्ट सगळ्यात पटते, कारण ती व्याकरणात बसते. पण ज्या वाद्याला इथली माणसं जीव लावतात, ज्याच्याभोवती त्यांचं महाकाव्य फिरतं, त्याचं नाव झाकणावरून पडलं असेल असं मन मानत नाही. जाणकारांनी लिहा.

खडीसाखर
कंठ अधिक ताल बरोबर कान्तेले. पेढे कुठे पाठवू? :)
गंमत बाजूला, 'सूर वाहून नेणारं' ही व्युत्पत्ती फार गोड आहे. खोटी निघू नये.

नदीकाठचा_गोटा
गोड आहे, पण टिकत नाही.

आधी फिनलंडच्या शेजारी याच वाद्याला काय म्हणतात ते पाहू. एस्टोनियात कान्नेल, त्याची षष्ठी कान्द्ले. लिव्होनियन भाषेत कान्द्ला. इथपर्यंत सगळ्या फिनिशच्या सख्ख्या बहिणी. आता आणखी दक्षिणेला उतरा. लिथुआनियात कान्क्लेस. लॅटव्हियात लिहितात कोक्लेस, म्हणतात कुओक्लेस. त्याच देशाच्या पूर्वेला लाटगाले भागात कूक्लेस. लिथुआनियन आणि लॅटव्हियन या बाल्टिक भाषा, म्हणजे इंडो-युरोपीय कुळातल्या, संस्कृत-मराठीच्या दूरच्या नातलग. फिनिश त्या कुळातली नाहीच, ती उरालिक. वाद्य एक, नावं मिळतीजुळती आणि भाषाकुळं दोन. तेव्हा कुणीतरी कुणाकडून तरी शब्द घेतलाय हे उघड आहे.

अभ्यासकांनी सर्वसाधारणपणे मानलेलं उत्तर असं, की फिनिक (म्हणजे फिनिश, एस्टोनियन वगैरे बोलणाऱ्या) लोकांनी तो बाल्टिक लोकांकडून घेतला. मूळ बाल्टिक रूप 'कान्त्लेस' किंवा 'कान्त्लीस' असावं असं धरतात. त्यातल्या 'त्ल'वर लक्ष ठेवा. लिथुआनियन आणि लॅटव्हियनमध्ये पुढे 'त्ल'चा 'क्ल' झाला, म्हणून तिथे आज कान्क्लेस ऐकू येतं. फिनिशमध्ये हा शब्द पोचला तो त्याआधीच. फिनिश जिभेला 'न्त्ल' असा गठ्ठा चालत नाही, म्हणून मधे एक 'ए' शिरला आणि कान्तेले झालं. 'त' मात्र शाबूत राहिला. ज्यांचा शब्द होता त्यांच्याकडून 'त' गेला आणि ज्यांनी घेतला त्यांच्याकडे तो आजपर्यंत जपलेला आहे. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वात मोलाची वाटते.

अर्थाबद्दल: फिनिश भाषाशास्त्रज्ञ एइनो निएमिनेन यांनी 1963 साली मांडलं की याच्या मुळाशी 'कन्' म्हणजे गाणं, नाद करणं हा इंडो-युरोपीय धातू आहे, आणि बाल्टिक शब्दाचा मूळ अर्थ 'गाणारं झाड' असा असावा. लॅटिनचं 'कानेरे' (गाणं) आणि त्यावरचं 'कान्तुस' त्याच धातूचं. म्हणजे तुमच्या तिसऱ्या सहकाऱ्याला नातं दिसलं ते खरं, फक्त ते आई-लेकीचं नसून चुलत बहिणींचं आहे.

खडीसाखर
गाणारं झाड! मी 'वाहून नेणारं' आनंदाने सोडून दिलं.

शंकासुर
गोटेभाऊ, इतक्या सहज नाही. मीही थोडं फिनिश शिकलोय. 'आस्केल' म्हणजे पाऊल, 'क्यूनेल' म्हणजे अश्रू, 'सॅवेल' म्हणजे धून. शेवटी 'एल' असलेली नामं फिनिशमध्ये भरपूर आहेत. मग 'कान्ते-' या अंगाला 'ले' लागून शब्द घरच्या घरी तयार झाला असेल तर काय बिघडलं? आणि लिथुआनियन लोकांनीच तो फिनिकांकडून उचलला असेल तर? दर वेळी उरालिक लोकांनीच उसनवारी केली असं का धरायचं?

नदीकाठचा_गोटा
@शंकासुर, प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

लॅटव्हियनचं रूप आधी घेऊ. लिथुआनियनमध्ये हाताला 'रान्का', लॅटव्हियनमध्ये 'रुओका', लाटगालेत 'रूका'. आता त्याच क्रमाने वाद्य लावा: कान्क्लेस, कुओक्लेस, कूक्लेस. तंतोतंत तीच घडी. म्हणजे लॅटव्हियनमध्ये 'आन्'चा 'उओ' होण्याआधीपासून हा शब्द त्यांच्या घरात आहे. नंतर कधीतरी समुद्रापलीकडून आलेला पाहुणा असता तर तो या बदलात सापडला नसता.

दुसरं, आपण ज्याला कान्तेले म्हणतो त्याला फिनलंड-रशिया सीमेवरच्या कारेलिया प्रदेशातल्या कारेलियन भाषेत 'कान्तेलेह' म्हणतात, शेवटी 'ह'. फिनिशमध्ये तो गळाला, पण षष्ठीचं 'कान्तेलेएन' हे लांबलेलं रूप त्याचीच खूण आहे, कारण ते आधी 'कान्तेलेहेन' होतं. बाल्टिकमधल्या 'इस', 'एस' शेवटाच्या शब्दांचं फिनिकमध्ये असंच होताना दिसतं. वाटाण्याला लिथुआनियनमध्ये 'झिर्निस', कारेलियनमध्ये 'हेर्नेह', फिनिशमध्ये 'हेर्ने'.

आणि उसनवारीची दिशा. बाल्टिककडून फिनिककडे गेलेले शब्द शेकड्यांनी मोजता येतात. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म थॉमसेन यांनी 1890 मध्ये या शब्दांवर अख्खा ग्रंथ लिहिला. कुऱ्हाड 'किर्विस'ची 'किर्वेस' झाली, पूल 'तिल्तास'चा 'सिल्ता', लोकर 'विल्ना'ची 'विल्ला', गवत 'शिएनास'चं 'हेइनॅ'. उलट दिशेने लिथुआनियनमध्ये गेलेले जुने फिनिक शब्द अगदी थोडे.

मुख्य म्हणजे 'त्ल' हा बाल्टिकमध्ये ओळखीचा, साधनवाचक प्रत्यय आहे. झाकणाच्या व्युत्पत्तीत त्या 'ल'ला काही कामच उरत नाही.

शब्दवेडी
गोटेदादांनी 'साधनवाचक प्रत्यय' म्हटलं आणि मला राहवेना. अहो, हा प्रत्यय आपल्या घरचाच आहे! संस्कृतातला '-त्र'.

ज्याने खणायचं ते खनित्र. ज्याने ऐकायचं ते श्रोत्र. जे नेतं ते नेत्र. ज्यातून प्यायचं ते पात्र. शस्त्र, वस्त्र, मंत्र सगळी याच कारखान्यातली. मूळ इंडो-युरोपीय भाषेत या प्रत्ययाची 'त्रो' आणि 'त्लो' अशी जोडरूपं होती. संस्कृतात दोन्हींचं 'त्र' झालं. बाल्टिककडे 'त्ल' राहिलं आणि मग त्याचं 'क्ल' झालं. नांगराला लिथुआनियनमध्ये 'आर्क्लास' म्हणतात, तो आधी 'आर्त्लास' होता. लॅटिनने तर स्वतंत्रपणे हाच उद्योग केला. त्यांचा पेल्याचा शब्द 'पोकुलुम' हा आधी 'पोत्लोम' होता, आणि तो म्हणजे आपलं 'पात्र'च, धातूही तोच आणि प्रत्ययही तोच.

तेव्हा कान्तेलेतला 'त' आणि 'ल' हे आपल्या 'पात्र'मधल्या 'त्र'चे भाऊबंद आहेत. 'गाण्याचं साधन' असा सरळ अर्थ लागतो. 'गाणारं झाड' ही त्यावरची सुंदर कमान, पण शब्दाच्या घडणीत झाड कुठे दिसत नाही, हे निएमिनेन यांच्याबद्दल आदर ठेवून म्हणते.

रविवारची_सुट्टी
पात्र, मंत्र आणि कान्तेले एका माळेत! वाचनखूण साठवली.

संस्कृतायन
मग थेट संस्कृत का नको? धातुपाठात 'अण रण वण भण मण कण क्वण' अशी शब्दार्थक धातूंची रांगच आहे. कण् म्हणजे आवाज करणे. कङ्कण, क्वणित, किंकिणी. कण् + त्र. फिनिशमध्ये संस्कृतसारखे शब्द आहेत हे मी ऐकून आहे. शंभरला ते 'साता' म्हणतात ना?

शब्दवेडी
@संस्कृतायन, 'साता'बद्दल अगदी बरोबर. ते 'शत'च आहे. हातोड्याला 'वासारा' म्हणतात, तो 'वज्र'. पण हे शब्द स्टेपच्या गवताळ प्रदेशातल्या प्राचीन इंडो-इराणी लोकांकडून उरालिक भाषांमध्ये गेले, भारतातून नव्हे. आणि कान्तेलेसाठी त्या वाटेने जायचं कारणच नाही, कारण वाद्य आणि नाव दोन्ही बाल्टिक समुद्राच्या काठावर दाटीने सापडतात. त्या पट्ट्याबाहेर हे नाव भेटत नाही.

रण, भण, क्वण हे आवाजाची नक्कल करून झालेले धातू आहेत. तसे शब्द जगात कुठेही स्वतंत्रपणे तयार होतात. आपलं 'तुणतुणं' घ्या, त्याला पूर्वज शोधायची गरज नाही. 'कन्'ची खात्रीची भावंडं लॅटिन आणि जुन्या आयरिशमध्ये आहेत, शिवाय जर्मानिक भाषांमध्ये. जर्मनमध्ये कोंबड्याला 'हान' म्हणतात, इंग्रजीतली 'हेन' त्याच घरातली. मूळ अर्थ 'गाणारा'. पहाटे गातो म्हणून.

खडीसाखर
म्हणजे कोंबडी आणि कान्तेले मावसबहिणी. या धाग्याने माझा शनिवार सार्थकी लावला.

हंसगामिनी
गोटेदादांच्या यादीत 'हान्हि' राहिला! फिनिशमध्ये हान्हि म्हणजे जंगली हंस-बदकांतला तो मोठा पक्षी. लिथुआनियनमध्ये 'झांसिस', संस्कृतात 'हंस'. मी हे आयडी घेतलं तेव्हा मला माहीत नव्हतं की माझे नातेवाईक आर्क्टिकजवळ राहतात. :)

कोकणकडा
एक वेगळा मुद्दा. 'ज्याने उसना घेतला त्याच्याकडे जुनं रूप टिकलं' यावर कुणाचा विश्वास बसत नसेल तर आपल्या मराठीकडेच बघा. आपण म्हणतो रोज, दोस्त, जोर. हे शब्द फारसी. आजच्या इराणमध्ये जाऊन ऐका, ते म्हणतात रूज, दूस्त, जूर. इराणच्या फारसीत जुन्या 'ओ'चा 'ऊ' होऊन गेला. आपल्याकडे शब्द आले तेव्हा तो 'ओ' होता आणि आपण तो तसाच ठेवला. 'शेर' म्हणजे सिंह आणि 'शीर' म्हणजे दूध (शीरखुर्म्यातलं) हा फरक आपण आजही करतो. तेहरानमध्ये दोन्ही 'शीर'.

आपण ज्या भाषेचं जुनेपण इतकी शतकं नकळत सांभाळलं त्या भाषेचं आपण बहुतेकांना अक्षरही वाचता येत नाही. फिनिश माणसाचं बाल्टिकशी असंच झालंय.

नदीकाठचा_गोटा
@कोकणकडा, उदाहरण चपखल. फिनिश या बाबतीत तर भाषाशास्त्रज्ञांचा लाडका संग्रह आहे. राजाला ते 'कुनिंगास' म्हणतात. प्राचीन जर्मानिक रूप 'कुनिंगाझ' असं पुनर्रचित केलंय. इंग्रजीत त्याचं 'किंग' उरलं, जर्मनमध्ये 'क्योनिग', आणि शेवटचं ते 'आस' जवळपास जसंच्या तसं फक्त फिनिश-एस्टोनियनकडे.

शंकासुर
लॅटव्हियनचा मुद्दा पटला. रान्का-रुओका-रूका पाहिल्यावर वाद घालायला जागा राहत नाही.

पण मग रशियन 'गुस्लि'चं काय? तेही याच आकाराचं, याच पद्धतीने वाजवायचं वाद्य. लिथुआनियन अभ्यासक रोमुआल्दास आपानाविच्युस यांनी बाल्टिक शब्द 'गन्' किंवा 'गन्ध्' अशा धातूवरून आणून 'गुस्लि'शी जोडलाय असं वाचलं. म्हणजे 'कन् = गाणे' यावर सगळ्यांचं एकमत नाही.

शब्दवेडी
एकमत नाही हे खरं. आपानाविच्युस यांच्या मांडणीत त्या धातूचा अर्थ 'भांडं, पात्र' असा येतो, म्हणजे पोकळ लाकडावरून नाव. अर्थ म्हणून वाईट नाही. पण 'गुस्लि'ची स्लाव्हिक व्युत्पत्ती भक्कम आहे. गुणगुणणं, घुमणं या अर्थाचा 'गुदेत्' धातू रशियनमध्ये आजही जिवंत आहे, त्यावरून गुस्लि. वाद्य शेजाऱ्यांचं सारखं असलं तरी नाव प्रत्येकाने आपल्या भाषेतून दिलं असेल, त्यात अडचण काही नाही. नोव्हगोरोदच्या उत्खननात अकराव्या शतकातली गुस्लि मिळालीय, म्हणजे वाद्य त्या टापूत किती जुनं आहे ते दिसतंच.

माझं मत विचाराल तर 'कन्'च्या बाजूने. धातू आणि प्रत्यय दोन्ही बिनओढाताणीचे बसतात.

मिरजेचा_भोपळा
व्युत्पत्तीत मला गती नाही, पण तंतुवाद्यांच्या कामात हयात गेलीय म्हणून वाद्याबद्दल लिहितो. एका परदेशी गिऱ्हाईकाने पाच तारांचं कान्तेले आमच्याकडे आणलं होतं, तेव्हा हातात घेऊन पाहिलं.

आपल्या तंबोऱ्याला घोडी असते आणि तिच्यावर जवारी काढलेली असते. तार घोडीला निसटती टेकते, खाली सुताचा 'जीव' सरकवतो, आणि मग तो घुमारा सुटतो. कान्तेलेला घोडीच नाही! अरुंद टोकाला एक आडवी धातूची सळी, तिला तार गाठ मारून बांधलेली, आणि दुसऱ्या टोकाला सरळ लाकडी खुंटी. मला वाटलं आवाज बसका येईल. छेडल्यावर ऐकलं तर सूर लहरत लहरत विरत जातो. नंतर कळलं की फिनिश ध्वनिशास्त्रज्ञांनी हे मोजून पाहिलंय. सळीवरच्या गाठीमुळे तार उभी कंपते तेव्हा तिची लांबी एक आणि आडवी कंपते तेव्हा जरा वेगळी, दोन किंचित वेगळे सूर एकमेकांत मिसळतात आणि ती लहर तयार होते. गाठ बदलली की आवाज बदलतो. आमच्याकडे जे काम कानसाने घोडीवर होतं ते त्यांच्याकडे गाठीत होतं. त्यांच्या जुन्या कारागिरांना हात जोडावेसे वाटले.

बर्फातला_वडा
@मिरजेचा_भोपळा काका, तुमचा प्रतिसाद वाचून आत्ताच उठून सळीवरची गाठ बघून आलो. इतके दिवस घरात आहे आणि कधी तिकडे लक्ष गेलं नव्हतं. खूप आभार.

तारा पाच स्वरांत लावतात: सा रे ग म प. त्यातला ग शुद्ध ठेवा किंवा कोमल. जुने वादक तर दोन्हींच्या मधलाही लावत. एकेका बोटाला एकेक तार वाटून दिलेली. पाच सुरांत काय होणार असं वाटतं, पण ऐकताना माणूस गुंगून जातो.

तालीमवाला
दोन्हींच्या मधला ग? म्हणजे श्रुतींचं काम आलं. याचं ध्वनिमुद्रण ऐकायला हवं.

वसईकर
थोडं अवांतर. फिनिश बायबलमध्ये शौल राजाचं मन शांत करायला दावीद जे वाद्य वाजवतो त्याला 'कान्तेले' म्हटलंय, माझ्या फिनिश मैत्रिणीने दाखवलं. आपल्या मराठी बायबलमध्ये दावीद वीणा वाजवतो. हिब्रू 'किन्नोर' खरं तर यातलं काहीच नाही, ते वेगळ्याच घडणीचं वाद्य. पण लहानपणापासून माझ्या डोळ्यांपुढचा दावीद मांडी घालून वीणा घेऊन बसलेला आहे आणि तिच्या डोळ्यांपुढचा कान्तेले घेऊन. मला दोन्ही दावीद खरे वाटतात.

कोकणकडा
@वसईकर, फार सुंदर.

लिंबूटिंबू
धागाकर्त्यांनी 'महाकाव्य फिरतं' म्हटलंय. कुणी ती गोष्ट सांगा की. आम्हाला व्युत्पत्ती झेपत नाही, गोष्टी झेपतात.

बर्फातला_वडा
@लिंबूटिंबू, घ्या.

महाकाव्य म्हणजे 'कालेवाला'. एलियास ल्यॉनरोट नावाच्या डॉक्टरने कारेलियात गावोगाव फिरून लोकगीतं जमवली आणि त्यांतून ते बांधलं. पहिली आवृत्ती 1835 ची, वाढवलेली 1849 ची. तो स्वतःही कान्तेले वाजवायचा. त्यात वॅइनॅमोइनेन नावाचा म्हातारा गायक-नायक आहे. त्याची नाव एका अजस्र पाइक माशाच्या पाठीवर अडकते. मासा मारल्यावर त्याच्या जबड्याच्या हाडातून तो पहिलं कान्तेले घडवतो. खुंट्या त्याच माशाच्या दातांच्या, तारा एका राक्षसी घोड्याच्या केसांच्या. ते वाजायला लागलं की रानातले प्राणी, पक्षी, मासे सगळे ऐकायला येतात, माणसं रडतात, तो स्वतः रडतो आणि त्याचे अश्रू पाण्यात पडून मोती होतात. पुढे वादळात ते वाद्य समुद्रात बुडतं. मग एक बर्च झाड आपलं दुःख सांगत रडत असतं, त्याच्या लाकडाचं तो दुसरं कान्तेले करतो, आणि या वेळी तारांसाठी एक तरुण मुलगी आपले केस देते.

शेवटी तो देश सोडून जातो आणि कान्तेले लोकांसाठी मागे ठेवतो.

हंसगामिनी
रडणारं बर्च झाड! म्हणजे 'गाणारं झाड' अगदीच हवेतलं नाही.

शब्दवेडी
@हंसगामिनी, मीही तिथेच थांबले. लिथुआनियात अशी समजूत होती की कान्क्लेससाठी झाड तोडायचं ते कुणी जवळचं माणूस वारलं असताना. त्या माणसाचा आवाज लाकडात उतरतो. व्याकरणाने झाड सापडत नाही म्हणाले, ते माझं म्हणणं कायम आहे, पण निएमिनेन यांना ते का दिसलं असेल हे समजतं.

आणि ल्यॉनरोटचं आणखी एक काम सांगते. 1840 मध्ये त्याने भावगीतांचा संग्रह काढला, नाव 'कान्तेलेतार'. त्यातली एक कविता या माशाच्या हाडाच्या गोष्टीला चक्क खोटं म्हणते. वाद्य हाडाचं नाही, ते दुःखाचं घडवलेलं आहे, असं तिचं सांगणं. ज्या माणसाने माशाची गोष्ट जगापुढे आणली त्यानेच तिचं खंडनही छापलं, याबद्दल मला त्याच्याविषयी फार आदर वाटतो.

नावातला '-तार' पाहा. तो स्त्रीवाचक प्रत्यय, 'त्युतॅर' म्हणजे मुलगी या शब्दावरून आलेला. आणि 'त्युतॅर' स्वतः बाल्टिककडून घेतलेला. लिथुआनियनमध्ये 'दुक्ते', संस्कृतात 'दुहिता'. म्हणजे 'कान्तेलेतार' या नावाचे दोन्ही तुकडे समुद्रापलीकडून आलेत.

मांडवीकाठ
आमच्या कोंकणीत मुलीला 'धूव' म्हणतात, तीही दुहिताच. आजीने हाक मारली की आता मला फिनलंड आठवणार.

रोखठोक
सगळं वाचलं. एक सरळ प्रश्न. पूल उसना, कुऱ्हाड उसनी, लोकर उसनी, मुलगी उसनी, आता राष्ट्रीय वाद्यही उसनं. फिनिश माणसाला हे ऐकून वाईट वाटत नाही? आपल्याकडे कुणी म्हटलं की अमुक मराठी शब्द कानडी आहे तर धाग्यावर तलवारी निघतात.

नदीकाठचा_गोटा
वाईट वाटायचं कारण नाही, आणि आपल्यालाही वाटू नये. 'मुलगी', 'बहीण' (सिसार, लिथुआनियन सेसुओ) असे शब्द बाजारात सौदा करताना उसने घेतले जात नाहीत. ते लग्नं झाली, एका चुलीवर दोन भाषा बोलल्या गेल्या, की येतात. दोन हजार वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही. कान्तेले हा शब्द त्या शेजारात रुजला, आणि पुढे ज्यांनी तो जपला त्यांचा तो झाला. क्रेएता हापासालो ही कौस्तिनेन गावची बाई घ्या (1813 ते 1893). गरिबी, पदरी पोरंबाळं, आणि कान्तेले घेऊन गावोगाव, शहरोशहर वाजवत तिने संसार चालवला. चित्रकार एकमान यांनी 1868 मध्ये काढलेलं तिचं चित्र फिनलंडमध्ये सर्वांना ठाऊक आहे. तिच्या हातातलं वाद्य उसनं होतं असं कोण म्हणेल?

रोखठोक
उत्तर आवडलं. चित्र शोधतो.

मिरजेचा_भोपळा
तारांची संख्या वाढली ती कधी? गिऱ्हाईक म्हणत होता की आता मोठंही असतं.

बर्फातला_वडा
काका, एकोणिसाव्या शतकात कोरीव लाकडाऐवजी फळ्या जोडून पेटीसारखं बनवायला लागले तेव्हा तारा वाढल्या, वीस-तीस झाल्या. 1920 च्या दशकात पाउल साल्मिनेन यांनी कळा बसवल्या, त्यामुळे वाजवता वाजवता अर्धस्वर बदलता येतात. आजच्या मैफिलीच्या कान्तेलेला 39 पर्यंत तारा असतात. लहान पाच तारांचं मधल्या काळात मागे पडलं होतं. मार्त्ती पोकेला (1924 ते 2007) आणि त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी ते परत आणलं, शाळांत पोचवलं.

आणि मूळ प्रश्नाकडे: झाकणवाल्या सहकाऱ्याला सोमवारी रान्का-रुओका-रूका लिहून दाखवणार आहे. त्याची बायको लॅटव्हियातल्या रीगाची आहे. ती तरी मान्य करेल.

शंकासुर
तिला 'कुओक्लेस' म्हणायला लावा आणि कान देऊन ऐका. लॅटव्हियनमध्ये लाकडाला 'कुओक्स' म्हणतात (लिहितात 'कोक्स'), त्यामुळे तिथल्या कुणालाही विचारलं तर 'लाकडाचं वाद्य म्हणून कोक्ले' असं उत्तर यायची शक्यता मोठी. तीही लोकव्युत्पत्तीच, पण सावध राहा, नाहीतर सोमवारी चौथं उत्तर घेऊन याल.

तालीमवाला
ध्वनिमुद्रणाचं राहिलं. कुठून सुरुवात करू?

बर्फातला_वडा
@तालीमवाला, आर्मास ओट्टो वॅइसॅनेन यांनी 1916-17 च्या सुमारास कारेलियात फिरून जुन्या वादकांकडून धुना टिपल्या आणि 1928 मध्ये त्या छापल्या. आजचे बहुतेक पाच तारांचे वादक त्याच धुना वाजवतात. 'कान्तेले' आणि 'पाच तारा' असं फिनिशमध्ये शोधायचं असेल तर 'वीसिकिएलिनेन कान्तेले' हे शब्द वापरा. 'किएलि' म्हणजे तार, आणि जीभ, आणि भाषासुद्धा. हेडफोन लावून ऐका, सूर विरताना जी लहर येते ती मोबाइलच्या स्पीकरवर सापडत नाही. मधला ग ऐकू आला तर इथे येऊन लिहा, कितव्या श्रुतीवर पडतो ते मला जाणून घ्यायचंय.

तालीमवाला
आज रात्री तंबोरा लावून बसतो आणि लिहितो.